ताबोची दुसरी रात्र

मंगळवार, रात्री उशिरा

हिमाचलातल्या स्पितीच्या सहलीची शीट उघडली, एका दिवसाची एक ओळ अशा बारा ओळी, तर त्यातल्या दोन ओळींवर रेघ. ताबोचा दुसरा मुक्काम आणि मनालीचा राखीव दिवस. बाजूला दादाने लिहिलंय, "अगं, ताबोला दोन रात्री कशाला? एवढं आहे काय तिथे? दहा दिवसांत बसव, त्याहून जास्त रजा मिळत नाहीये."

रजेचं कळतं मला. गणपती गेल्यावर आणि घट बसायच्या आधी जेवढे दिवस हाती लागतात त्यातच जायचं, हे कधीच ठरलंय. पितृपक्षात घराबाहेर पडायचं म्हणून आईची थोडी कुरबुर होती, तीही मिटली. अण्णांची तिथी त्याच दिवसांत येते. ते आत्ता नको.

पण बारा ओळींतून त्याने नेमक्या याच दोन का उचलल्या? संध्याकाळपासून तेच डोक्यात आहे. उत्तर तसं समोरच आहे: या दोन ओळींपुढे किलोमीटरच्या रकान्यात शून्य आहे. ज्या दिवशी गाडी हलत नाही तो दिवस त्याला फुकट गेलेला वाटतो. आणि मला त्याच दोन ओळी लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

काझा, स्पितीतलं मुख्य गाव, साधारण 3650 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646. म्हणजे कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी काझा वर साडेतीनशे मीटर उरतं. हवेत ऑक्सिजनचा वाटा तिथेही 21 टक्केच, पण हवेचा दाब दादरच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो आणि प्रत्येक श्वासात त्या हिशेबाने कमी मिळतं. शरीर आधी श्वास वाढवून ती तूट भरायला बघतं. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. म्हणून त्रास रात्री जास्त होतो: झोपेत श्वास अडखळतो, दचकून जाग येते, सकाळी डोकं ठणकतं. मग मूत्रपिंडं लघवीवाटे बायकार्बोनेट टाकून हा तोल हळूहळू सावरतात. या कामाला काही दिवस लागतात, तासांत ते होत नाही. डायमॉक्सची गोळी हेच काम लवकर करवून घेते, म्हणून ती घेतली की सारखं लघवीला जावं लागतं आणि बोटांना मुंग्या येतात.

किलोमीटरच्या रकान्यातल्या शून्याच्या दिवशी हे चालू असतं. दिसत नाही एवढंच.

दादा म्हणेल, "मी मॅरेथॉन धावतो." पण विरळ हवेचा त्रास दमसासावर ठरत नाही. उलट तगडा माणूस भराभर चढतो, डोकं दुखलं तर "होतं एवढं" म्हणून पुढे जातो आणि आडवा पडतो. 3000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा नियम धावणाऱ्यांनाही आहे आणि गुडघे धरून जिना चढणाऱ्यांनाही. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री कुठे डोकं टेकता ते मोजायचं. तक्त्यात मुक्कामाच्या उंचीचा वेगळा रकाना केलाय तो त्यासाठी. तो कुणी वाचलाय असं वाटत नाही.

मनालीकडून आत शिरायची सूचनाही त्याचीच. कागदावर ती मोहक दिसते. 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाला, रोहतांग घाट चढायचा राहिला नाही, मनालीहून निघालं की त्याच दिवशी काझा. पण मनाली 2050 मीटरवर, मध्ये 4500 च्या वरचा कुंझुम घाट आणि झोपायला काझा. एका दिवसात मुक्कामाची उंची सोळाशे मीटरने वाढली. उंचीवर त्रास झाला तर खाली उतरवणं हाच खरा उपाय. ऑक्सिजनचं नळकांडं फक्त उतरेपर्यंतचा वेळ देतं. आणि काझ्याहून उतरणंच अवघड आहे. पश्चिमेला निघावं तर आधी कुंझुम चढायचा, म्हणजे आजारी माणसाला अजून नऊशे मीटर वर न्यायचं. पूर्वेला ताबो जेमतेम पावणेचारशे मीटर खाली, आणि खरंखुरं खाली म्हणावं असं रेकाँग पिओ दोनशेच्या आसपास किलोमीटरवर. तो रस्ता रात्री चालवायचा नसतो. माझ्या तक्त्याप्रमाणे शिमल्याकडून गेलं की उंची टप्प्याटप्प्याने वाढते, आणि कुणाला त्रास झालाच तर तो बहुधा अशा ठिकाणी समोर येतो जिथून मागे फिरता येतं.

"एवढं आहे काय तिथे?"

ताबोचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन 996 चा. बाहेरून बघितलं तर मातीच्या ठेंगण्या इमारती, शिखर नाही, सोनेरी छप्पर नाही, 'की' गावच्या गोम्पासारखं डोंगराच्या टोकावर बसणंही नाही. मुख्य देवळात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. भिंतींना खिडक्या नाहीत, उजेड येतो तो वरून, थोडासा. डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो, तेव्हा भिंतींवर माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती बसलेल्या दिसू लागतात, त्यांच्याखाली चित्रं, आणि मध्ये चार दिशांना चार अंगं केलेला वैरोचन बुद्ध. 1975 च्या किन्नौरच्या भूकंपाने हे सगळं हादरलं होतं, तरी उभं राहिलं. आत फोटो काढायला मनाई आहे. फ्लॅशचा उजेड त्या रंगांना नको असतो, आणि पाहणाऱ्यानेही हात मोकळे ठेवून पाहावं असं मला वाटतं. वर डोंगरात भिक्षूंच्या गुहा आहेत. सकाळच्या पूजेला बसायचं, दुपारी सावकाश त्या गुहांपर्यंत चढायचं, पाणी पीत खाली यायचं, लवकर जेवून झोपायचं. याहून चांगला विसाव्याचा दिवस मला आखता येत नाही.

अर्ध्या तासात उरकणारी माणसंही असतात तिथे. दादा तसा नाही. निदान पूर्वी नव्हता.

हे सगळं करायचं मीच का, असं मघाशी फार वाटून गेलं. उंच्या मी काढायच्या, चालकाशी दहादा मी बोलायचं, आईच्या डॉक्टरांची वेळ मी घ्यायची, वहिनीला लांग्झात तारे बघत राहायचंय तर नाही म्हणायचा वाईटपणा मी घ्यायचा (लांग्झा 4400, काझ्याहून साडेसातशे मीटर वर, दिवसा जाऊन यायचं, झोपायचं नाही), आणि शेवटी कुणीतरी लोकलमध्ये उभ्याउभ्या मोबाइलवर एक रेघ मारायची. साधा फोन तरी करायचा. डोळ्यांत पाणीच आलं. अण्णा असते तर त्यांनी नकाशा जमिनीवर पसरला असता आणि दोघांना समोर बसवलं असतं.

जाऊ दे.

रागावून झाल्यावर पुन्हा शीट घेऊन बसले. मग कळलं की राग रेघेचा कमी आणि भीती जास्त आहे. आईची. तिचं बीपी आहे, आणि दुखलं तरी ती बोलत नाही. "झोप लागली नाही नीट" एवढंच सांगेल आणि गाडीत बसेल. डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, गळून जाणं किंवा गरगरणं असेल तर ती विरळ हवेची लक्षणं धरायची आणि त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, थांबत नाही असा खोकला किंवा सरळ रेषेत चालताना झोक जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न बघता खाली. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र नेतेय, पण काझ्यात त्यावर 85 ते 90 दिसणं नेहमीचं आहे आणि गार बोटांवर ते आणखी कमी दाखवतं. आकड्यापेक्षा तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. डायमॉक्स साधारणपणे 125 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण बीपीच्या गोळीत आधीच लघवी वाढवणारं औषध असलं, किंवा सल्फाची अ‍ॅलर्जी असली, तर ते डॉक्टरांनीच ठरवायचं. तिला जुनी सल्फाची गोळी कधी सोसली नव्हती का, हे उद्या विचारायचंय.

दुसरी रेघ मनालीच्या राखीव दिवसावर. तो दिवस मनालीत आराम करायला ठेवलेलाच नव्हता. सप्टेंबरच्या शेवटी कुंझुमवर बर्फ पडू शकतं. सप्टेंबर 2018 मध्ये लाहौल-स्पितीत अचानक एवढं बर्फ पडलं की अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. कुंझुम बंद झाला तर आल्या वाटेने परत: काझा ते कल्पा, कल्पा ते नारकंडा, नारकंडा ते चंदीगड. तीन दिवस. आणि कुंझुम उघडा असेल तर काझा ते मनाली, राखीव दिवस, मनाली ते चंदीगड. तेही तीनच. म्हणून तो एक दिवस आहे. तो काढला की कुंझुम बंद झाला त्या दिवशी विमानाची तिकिटं गेली, किंवा बर्फात घाट चढायचा हट्ट आला. दुसरी शक्यता मला जास्त नको आहे.

मग बाकीच्या दहा ओळी पुन्हा वाचल्या. दोन दिवस काढायचेच, तर ते खालून काढता येतात. सांगलाच्या दोन रात्री. नारकंड्याहून सांगल्याला न वळता सरळ कल्पा गाठायचं. नारकंडा 2700, कल्पा 2960, ताबो 3280, पुन्हा ताबो, मग काझा 3650. एकही उडी चारशेच्या वर नाही. कल्प्याहून ताबोला जाताना नाको 3660 वर लागतं. तिथे तळ्याकाठी थोडं थांबून ताबोला खाली उतरून झोपायचं, हे तर उत्तमच. काझ्यात तीन रात्री आहेत तशाच: ताबोहून येताना धनकर, दुसऱ्या दिवशी की, किब्बर आणि चिचमचा पूल, तिसऱ्या दिवशी लांग्झा, हिक्किम, कोमिक. कोमिक 4587 वर, म्हणून शेवटी. दहा दिवस होतात. ताबो राहतं, राखीव दिवस राहतो.

छितकुल जातं. सांगल्याच्या पुढचं शेवटचं गाव, लाकडी घरं, बास्पा नदी. सप्टेंबरअखेर त्या खोऱ्यात सफरचंदं उतरवायचं काम चालू असतं. या सगळ्या वाटेवर स्वतःसाठी मागितलेलं ते एकच होतं. मघाशी त्याचं वाईट वाटलं, आता तेवढं वाटत नाही. छितकुल मे महिन्यातही जमेल, वर्षातले बरेच महिने ते उघडं असतं. आईला ताबोत दोन रात्री झोपवून वर न्यायचं ते याच वेळी जमायला हवं.

नारकंडा ते कल्पा हा दिवस आता लांबतो. सफरचंदांचे ट्रक त्याच रस्त्यावर असतात, वर दरडीची थांबाथांब, म्हणून आठ तास धरलेत आणि सकाळी सहाला निघायचं लिहिलंय. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल करायची, कारण त्यानंतरचा भरवशाचा पंप काझ्यालाच. काझ्याहून मनालीला निघतानाही टाकी फुल. अंतर दोनशेच्या आसपास असलं तरी बातल ते ग्राम्फू गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच रांगते आणि डिझेल जास्त जातं. त्या दिवशी पहाटे पाचला निघायचं, दुपार चढायच्या आत नाले पार व्हायला हवेत. उन्हाने वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी चाकावर येतं.

रोख रक्कम चंदीगडलाच काढायची. काझ्यात एटीएम आहे, पण नेट गेलं की ते आणि यूपीआय एकदमच बंद. स्पितीत आपल्याला परवाना लागत नाही, तरी चौक्यांवर नोंदीसाठी सगळ्यांची ओळखपत्रं वरच्या खणात.

दादाला फक्त नवीन तक्ता पाठवला, उंचीचा रकाना ठळक करून. खाली लिहिलं, "ताबो आणि मनाली ठेवलंय, सांगला काढलंय. दहा दिवस झाले. फोन कर, आईबद्दल बोलायचंय." त्याने अजून वाचलेलं नाही.

सकाळी गाडीवाल्यांना फोन करायचा: सांगलाच्या दोन रात्री रद्द, कल्प्याच्या खोल्या दोन दिवस अलीकडे ओढायच्या. स्टेपनीचा टायर कसा आहे तेही विचारायचं, फोटो पाठवायला सांगायचं. टायरच्या कडेला धारदार दगडाने चीर गेली तर पंक्चर किट काही कामाचं नाही, आणि बातलच्या अलीकडे-पलीकडे दुसरा टायर मिळत नाही.