एका क्रियापदापायी

चौदा वर्षं कंपन्यांमध्ये घालवून विद्यापीठात ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकवायला आले. मुलाखत, डेमो लेक्चर, नेमणूक सगळं पटापट उरकलं. गाडी अडली ती माझ्या नव्या ऐच्छिक विषयाच्या आराखड्यापाशी, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

नवा विषय सुरू करायचा तर कोर्स आउटलाइन समितीने मंजूर करावी लागते. तासिका, केसेस (वर्गात चर्चेला घ्यायचे कंपन्यांचे प्रसंग), गुणभार सगळं मांडून मी फाइल दिली. समितीची बैठक महिन्यातून एकदा, एका बैठकीत तीन फायली निघतात. माझ्यापुढे नऊ होत्या. चौथ्या बैठकीत नंबर लागला आणि फाइल परत आली. शेरा एका ओळीचा: ‘समजेल’ हे क्रियापद चालणार नाही.

आउटकममध्ये, म्हणजे विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय यायला हवं त्या यादीत, मी लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्याला लिटलचा नियम समजेल.’ समजणं मोजता येत नाही म्हणे. मी ब्लूमची शिडी, म्हणजे शिकण्याच्या उद्दिष्टांची पायऱ्यांमधली मांडणी, काढून बसले. १९५६ची मूळ मांडणी २००१ मध्ये सुधारली, तिच्यात दुसऱ्या पायरीचं नावच ‘समजणे’ आहे! तावातावाने सचिवांना फोन केला.

“मॅडम, ते पायरीचं नाव झालं. आउटकममध्ये दिसणारी कृती लागते. काढेल, तुलना करेल, असं काहीतरी.”

“एक शब्द आहे. आत्ता बदलून पाठवते.”

“पाठवा ना. पण फाइल रांगेत शेवटी लागेल.”

आता गंमत बघा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला हा नियम रांगेचाच आहे: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. रांग वाढत-घटत नसेल तर येण्याचा वेग आणि निकालाचा वेग एकच. माझी धरून रांगेत बारा फायली, महिन्याला तीनचा निकाल, बारा भागिले तीन. पुन्हा चार महिने. जो नियम विद्यार्थ्यांना ‘समजेल’ म्हणून मी अडकले, तो मला चांगलाच समजला.

म्हणून सांगते, आधी मंजूर झालेला एखादा आराखडा मागून घ्या आणि समितीतल्या कुणाकडून तरी आपला कच्चा खर्डा वाचून घ्या. मी घेतला नाही. उद्योगातून आलेल्या माणसाला असली विचारपूस कमीपणाची वाटते, मलाही वाटली.

नवं वाक्य असं केलं: ‘रांगेतली संख्या आणि कामाचा वेग दिला असता प्रतीक्षेचा सरासरी काळ काढता येईल.’ मग प्रत्येक आउटकमसमोर तो कुठल्या परीक्षेत किंवा असाइनमेंटमध्ये तपासणार तेही लिहायचं होतं. तिथे मात्र माझी बोलती बंद झाली. सातपैकी दोन आउटकम कुठेच तपासले जात नव्हते. ‘पुरवठा साखळीतील नैतिक प्रश्नांची जाण’ हे वाक्य मला फार आवडत होतं. त्यावर एकही प्रश्न नव्हता. दोन्ही काढून टाकले. समितीचं इथपर्यंत बरोबर. पण हे पाच मिनिटांच्या फोनवर सांगता आलं असतं.

गटप्रकल्प ठेवणार असाल तर गटातल्यांनी एकमेकांना द्यायचे गुण आराखड्यातच घाला. मी घातले नव्हते. एकाने काम करायचं आणि चौघांनी गुण घ्यायचे हा प्रकार सत्रभर उघड्या डोळ्यांनी पाहिला.

वर्गात पहिल्या दिवशी गोदामातला एक किस्सा सांगायला घेतला, घड्याळ पाहिलं तर पस्तीस मिनिटं गेलेली. किस्से आवरा. केस घेतलीत तर कंपनीने पुढे काय केलं ते शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत फोडू नका, नाहीतर चर्चा तिथेच बसते. फळ्यावर कुठल्या कोपऱ्यात काय लिहायचं तेही आधी कागदावर आखा.

सत्र परीक्षेत मी बारा फायलींचंच गणित घातलं, कार्यालयाचं नाव न घेता. प्रश्नपत्रिका तपासणाऱ्या सहकाऱ्याने समासात शेरा मारला: ‘चार महिने? आकडे अवास्तव वाटतात.’ मी त्याला फाइल दाखवली.

हो, एक राहिलंच. केसच्या प्रतींचा परवाना बहुतेक वेळा दर विद्यार्थ्यामागे घ्यावा लागतो. वर्गाची पक्की यादी हाती येईपर्यंत मागणी नोंदवू नका.