फोन आपला, निवड गटाची

अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना अँड्रॉइड फोन का नको असतो, हे भारतातल्या नातेवाइकांना समजावून सांगणे मला नेहमीच अवघड गेले आहे. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर आलेल्या संदेशावरून पाठवणाऱ्याकडे कुठला फोन आहे हे कळतच नाही. त्यामुळे संदेशाच्या रंगावरून कोणाची थट्टा होऊ शकते, हेच मुळी कोणाला पटत नाही.

ॲपलने २०११ मध्ये आयमेसेज आणले, ते आयफोनच्या नेहमीच्या मेसेज ॲपमध्येच. समोरच्याकडेही आयफोन असेल तर संदेश इंटरनेटवरून जातो आणि निळा दिसतो. नसेल तर तोच संदेश मुकाट्याने एसएमएस होतो आणि हिरवा दिसतो. अमेरिकेत तोवर बहुतेकांच्या मासिक प्लॅनमध्ये एसएमएस अमर्याद मिळू लागले होते, त्यामुळे वेगळे ॲप शोधण्याची गरजच कोणाला भासली नाही. आपल्याकडे सगळे याच्या उलट होते. दिवाळी आणि नववर्षाला एसएमएस पॅक चालत नसे, एकेका शुभेच्छेचे वेगळे पैसे कापले जात, आणि २०११ मध्ये तर जाहिरातींच्या भडिमाराला आळा घालण्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायने एका सिमवरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, जी लवकरच २०० करावी लागली. फुकट संदेश पाठवू देणारे व्हॉट्सॲप या पार्श्वभूमीवर घरोघरी पोहोचले, यात नवल नाही.

अमेरिकेतला खरा जाच दोघांच्या संवादात नसून गटात असतो. दहा जणांच्या गटात नऊ आयफोन आणि एक अँड्रॉइड असला, की जुन्या व्यवस्थेत सगळा गटच एमएमएसवर, म्हणजे एसएमएसच्या काळातल्या फोटो-व्हिडिओ पाठवण्याच्या सोयीवर, घसरत असे. व्हिडिओ इतके आकसत की सामन्यात चेंडू कुठे आहे तेही दिसू नये. कोणी एखाद्या संदेशाला अंगठा दिला, तर अँड्रॉइडवाल्याकडे ते मूळ वाक्य अवतरणचिन्हांत आणि त्याच्या आधी ‘लाइक्ड’ असा शब्द लागून नवा संदेश म्हणून येई. गटाला नाव देता येत नसे, नवा माणूस घेता येत नसे. ही गैरसोय त्या एकट्याची नव्हती, सगळ्यांची होती, आणि म्हणूनच तिचे खापर त्या एकट्यावर फुटे. माझ्या भाचीच्या व्हॉलीबॉल संघातल्या मुलींनी तिला वगळून दुसरा गट काढला, तेव्हा त्यांच्या मनात दुष्टावा होता असे मला वाटत नाही; त्यांना फक्त सरावाचे व्हिडिओ नीट पाहायचे होते. पुढच्या वाढदिवसाला घरात आयफोन आला. कॅमेरा किंवा बॅटरी यांची चर्चासुद्धा झाली नाही.

हा परिणाम ॲपलला ठाऊक नव्हता, असे म्हणायला जागा नाही. एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने ॲपलविरुद्ध लढलेल्या खटल्यात २०२१ मध्ये उघड झालेल्या एका ई-मेलमध्ये ॲपलचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडेरिगी यांनी २०१३ मध्येच लिहिले होते, की आयमेसेज अँड्रॉइडवर आणले तर आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेण्यातला अडथळाच दूर होईल. आईला पाठवलेले व्हिडिओ तिला नीट दिसत नाहीत, अशी तक्रार एकाने २०२२ मध्ये ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांच्यापुढे मांडली, तेव्हा आईला आयफोन घेऊन द्या, असे उत्तर त्यांनी दिले. अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२४ मध्ये दाखल केलेल्या मक्तेदारीविरोधी तक्रारीत तर किशोरवयीन मुलांच्या या कुचंबणेचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयफोनच्या आयओएस १८ या प्रणालीबरोबर आरसीएसची, म्हणजे एसएमएस-एमएमएसची जागा घेणाऱ्या नव्या पद्धतीची, सोय आली आणि फोटो-व्हिडिओंची दुर्दशा बरीच थांबली. रंग मात्र हिरवाच राहिला.

हे वाचून आपण मोकळे आहोत, असे भारतीय वाचकाला वाटेल, आणि फोनपुरते ते बरेचसे खरेही आहे. आपल्याकडे फोन बदलताना अडचण येते ती व्हॉट्सॲपवरच्या जुन्या गप्पांची. अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगलकडे आणि आयफोनवरचा आयक्लाउडवर राहत असल्यामुळे २०२२ पर्यंत अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा नेण्याची अधिकृत सोयच नव्हती. आजही हे स्थलांतर नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच करणे सोपे जाते, आणि आधी फोन वापरायला घेणाऱ्यावर तो पूर्ण पुसण्याची वेळ येऊ शकते. पण ॲप बदलायचे म्हटले की आपली अवस्था त्या शाळकरी मुलीपेक्षा वेगळी राहत नाही. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या अटींवर गदारोळ झाला, तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांनी तावातावाने सिग्नल हे दुसरे संदेश ॲप घेतले, आणि थोड्याच दिवसांत ते सगळे परतले, कारण सोसायटीची पाणीकपातीची सूचना, मुलांच्या वर्गाचा गृहपाठ आणि भावकीतल्या लग्नाची पत्रिका जुन्याच ठिकाणी येत होती. युरोपीय महासंघाने डिजिटल मार्केट्स कायद्याने व्हॉट्सॲपला इतर ॲप्ससाठी दार उघडायला भाग पाडले आहे. असा कायदा इथे झाला तर तो मला फोन कंपन्यांमधल्या कुठल्याही स्पर्धेपेक्षा अधिक उपयोगाचा वाटेल; कारण मग सिग्नलवर राहूनही मला त्या पाणीकपातीची खबर वेळेवर मिळू शकेल.