तुम्ही विचारलंत म्हणून: निवेदन दिलं, आता पुढे काय?

"सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं, फोटो पाठवले. 'नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं. रस्ता आहे तसाच आहे. आता काय करायचं?" पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते सुरक्षित व्हावेत म्हणून धडपडणारे गट हा प्रश्न सतत विचारतात. कळकळीने काम करणारी माणसं अशा एका उत्तराने खचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तुमचं निवेदन पुन्हा वाचा. "रस्ता सुरक्षित करावा" ही मागणी कुणी नाकारत नाही आणि कुणी पूर्णही करत नाही, कारण काम नेमकं काय करायचं हे त्यात लिहिलेलंच नसतं. जागा कोणती, तिथलं मोजमाप काय आणि तिथे काय बांधायचं, या तीन गोष्टी असलेला कागद अभियंत्याच्या टेबलावरून पुढे सरकतो. म्हणून सगळं शहर एकदम अंगावर घेऊ नका. शाळेसमोरचं किंवा बस थांब्याजवळचं एक ओलांडण्याचं ठिकाण निवडा.

तिथे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी उभं राहा. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आखून माणसं मोजा: कुठून ओलांडतात, किती जण पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात आणि का उतरतात. कधी खांब आडवा येतो, कधी लावलेली गाडी, कधी फुटलेलं झाकण. थोडक्यात टळलेल्या धडकांचीही नोंद ठेवा, त्या पोलिसांच्या दप्तरात कधीच सापडणार नाहीत. एक गोष्ट मात्र मोजणीत दिसत नाही: भीतीने घराबाहेर पडणं सोडलेली माणसं. "इथे कुणी सायकल चालवतच नाही" असं तुम्हाला ऐकवलं जाईल. त्यासाठी आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना आणि शाळकरी मुलांच्या पालकांना भेटून दोनच प्रश्न विचारा: पायी किंवा सायकलने जाता का, नसाल तर कशामुळे नाही?

मग वेग मोजा. सगळ्या मोजमापांत हे सर्वांत महत्त्वाचं आहे आणि बहुतेक गट नेमकं हेच टाळतात. यंत्र लागत नाही. टेपने ५० मीटर मोजून दोन्ही टोकांना खुणा करा. पहिल्या खुणेपाशी एकाने उभं राहायचं आणि गाडीचं पुढचं चाक खुणेवर आलं की हात खाली करायचा. दुसऱ्या टोकाच्या माणसाने त्या इशाऱ्यावर स्टॉपवॉच सुरू करायचं आणि चाक आपल्या खुणेवर आलं की थांबवायचं. एकट्याने दोन्ही खुणांवर नजर ठेवली तर लांबची खूण तिरकी दिसते आणि आकडा चुकतो. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०. भडक जाकिटं घालून उभे राहू नका, चालक तुम्हाला पाहून वेग कमी करतात. समोर मोकळा रस्ता असलेल्याच गाड्या घ्या, रांगेत अडकलेल्या नकोत. आणि जोरात जाणाऱ्या तेवढ्या टिपायच्या, हा मोह आवरा. प्रत्येक पाचवी मोकळी गाडी, असा काहीतरी नियम आधीच ठरवा. अशा १०० गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने लिहा. यादीतला ८५ वा आकडा, म्हणजे शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो वेग, तुमच्या अर्जात सर्वांत वर हवा, कारण रस्ते आखणारे अभियंते हाच आकडा वापरतात.

वेगावर एवढा भर का, तेही सांगतो. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ३० ने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर १७-१८ मीटरांत पूर्ण थांबते. ताशी ५० ने जाणाऱ्या मोटारीचा तेवढ्या अंतरात ब्रेकही लागलेला नसतो, तो दीड सेकंद संपेपर्यंत ती जवळजवळ २१ मीटर पुढे गेलेली असते. एक मूल जागच्या जागी वाचतं आणि दुसऱ्याला पूर्ण वेगाची धडक बसते. चर्चा भरकटायला लागली की बैठकीत हा हिशोब मांडा.

आता मागणी. सिग्नल असेल तर तिथून सुरुवात करा, बदल स्वस्तात होतो. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला ओलांडायला १२ सेकंद लागतात. काठी टेकत ०.८ मीटरने चालणाऱ्याला साडेसतरा लागतात. हिरवा माणूस ८ सेकंदच दिसत असेल आणि तो गेल्यावर गाड्या सुटेपर्यंतचा मोकळा वेळही अपुरा असेल, तर अर्जात एवढी वजाबाकी पुरेशी आहे.

सिग्नल नसेल तर बरेच जण गतिरोधक मागतात. घाईने घातलेला उंच, अरुंद उंचवटा सायकलवाल्याला उडवतो, रुग्णवाहिकेला त्रास देतो आणि मोटारवाला त्याच्यापुढे ब्रेक मारून लगेच पुन्हा वेग घेतो. त्याऐवजी उंचावलेलं क्रॉसिंग मागा. यात झेब्रा पट्टाच पदपथाच्या पातळीला येतो, वर सपाट, दोन्ही बाजूंना उतार. गाडीला चढावं लागतं, माणसाला उतरावं लागत नाही. हे काम बहुतेक वेळा पाण्यामुळे फसतं. उंचवटा कडेच्या गटाराचा उतार अडवतो, पहिल्याच पावसात तळं साचतं आणि लोकच तो काढायला लावतात. म्हणून कडेने जाळीचा चर हवा, हे रेखाटनातच दाखवा. सोबत क्रॉसिंगच्या आधीची किमान ६ मीटर जागा पार्किंगमुक्त मागा. उभ्या गाडीआडून निघालेलं मूल चालकाला दिसतच नाही. ती मोकळी जागा नुसती रंगवली तर आठवड्यात भरते. तिथे खांब, कुंड्या किंवा सायकल स्टँड लावा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होबोकेन शहराने कोपरे असे मोकळे करण्यावर भर दिला. तिथे २०१७ पासून सलग सात वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. अर्थात त्यांनी इतर कामंही केली, हे श्रेय एकट्या कोपऱ्यांचं नाही.

रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला बेट मागा, ओलांडण्याच्या दिशेने किमान २ मीटर रुंद. सायकल साधारण १.८ मीटर लांब असते, त्याहून अरुंद बेटावर तिचं चाक वाहतुकीत राहतं. वळणाचा कोपरा मोठ्या गोलाईचा असेल तर तो आवळायला सांगा, गाड्या वळताना आपोआप हळू होतील.

सायकल मार्गाबद्दल एक कठोर मत आहे: नुसता रंगवलेला पट्टा स्वीकारू नका. त्यावर गाड्या लागतात आणि सायकलवाला पुन्हा वाहतुकीत. एका दिशेसाठी २ मीटर रुंदी आणि उभ्या गाड्यांच्या उघडणाऱ्या दारांपासून ८० सेंटीमीटर तरी अंतर हवं. नकाशा आला की आधी चौक पाहा. बहुतेक सायकल मार्ग चौकाच्या थोडे अलीकडेच संपलेले असतात, आणि गरज तर तिथेच सर्वांत जास्त असते.

विरोध दुकानदारांकडून येईल आणि त्यांची धास्ती खरी असते, तिला हिणवू नका. गिऱ्हाईक कसं येतं हे त्यांच्याच दाराशी, त्यांना सोबत घेऊन मोजा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांचा अंदाज होता की ४१ टक्के गिऱ्हाइकं मोटारीने येतात. मोजल्यावर २२ टक्के निघाली.

दुसरा आक्षेप शिस्तीचा: "आपल्या लोकांना वळण नाही, तिकडची गोष्ट वेगळी." नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे रस्ते बदलू लागले. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेलं धोरणच असं आहे की माणूस चुकणार हे धरून रस्ता बांधायचा. म्हणून जनजागृतीच्या फलकांवर तुमची ताकद खर्च करू नका. काही करायचं नसलं की तेच आनंदाने देऊ केले जातात.

अजूनही टाळाटाळ झाली तर कायमचं बांधकाम मागू नका, तात्पुरता प्रयोग मागा: रंग, प्लास्टिकचे खांब, कुंड्या. परवानगी लेखी घ्या आणि देखभाल कोण करणार ते त्यातच लिहून घ्या. रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांशिवाय एकही वस्तू रस्त्यात ठेवू नका. प्रयोग एका दिवसाचा नको. पहिले काही दिवस गोंधळ होतोच आणि त्याच दिवसांचे फोटो विरोधात वापरले जातात. किमान चार आठवडे मागा.

आणि अर्ज देण्याआधी एक चौकशी कराच: त्या रस्त्याचं डांबरीकरण किंवा खोदकाम कधी ठरलंय? रस्ता उखडलेला असतानाच कडा सरकवणं आणि पट्टे नव्याने आखणं सर्वांत स्वस्त पडतं. रेखाटन निविदा निघण्याआधी पोचायला हवं. निविदा निघाली की तोच अभियंता, मनात असूनही, हात वर करतो.

काम झालं की त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने पुन्हा १०० गाड्या मोजा, आणि सहा महिन्यांनी आणखी एकदा. ८५ वा आकडा उतरला असेल तर पुढच्या चौकाच्या अर्जाला तोच कागद जोडा. उतरला नसेल तर उताराचा कोन, रुंदी आणि मोडलेले खांब तपासून दुरुस्ती मागा, आणि हे सगळं पहिल्या अर्जाच्या क्रमांकाखालीच करा, म्हणजे फाईल बंद होत नाही.