उभी गाडीच जास्त खर्चात पाडते : आमच्या गॅरेजची वाटचाल

गॅरेज सुरू केलं तेव्हा विंटेज गाड्या करायच्या असं काही डोक्यात नव्हतं. मी, धाकटा भाऊ आणि भाड्याची एक शेड, रोजच्या वापरातल्या गाड्यांचं सर्व्हिसिंग, ब्रेक, क्लच एवढंच काम. मग एक गिऱ्हाईक वडिलांची मॉरिस मायनर, म्हणजे जुनी छोटी ब्रिटिश गाडी, टो करून घेऊन आलं, कितीतरी वर्षं झाकून ठेवलेली, आणि म्हणालं की बाकी काही नको, फक्त चालू करून द्या.

हे "फक्त चालू करून द्या" आम्ही आजही ऐकतो. पण इंजिन चालू होणं हे त्यातलं सगळ्यात छोटं काम असतं. त्या मायनरचं इंजिन हाताने फिरत होतं, कॉम्प्रेशन बरं होतं, पण टाकीत गंज, जुन्या पेट्रोलचा डिंक होऊन कार्बोरेटरचा जेट जाम, फ्लोटची निडल चिकटलेली, होज पाईप बोटाने दाबला की तडा जायचा. टायरचे गट्टू एकदम नव्यासारखे, पण साईडवॉलला बारीक भेगा आणि रबर दगडासारखं कडक. जुन्या गाडीचा टायर झिजून नाही, वयाने जातो. साल 2000 पासूनच्या टायरवर शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष असतं, ते बघायचं, गट्टू बघून फसायचं नाही.

ब्रेकचं तर त्याहून वाईट. डॉट 3, डॉट 4 ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणजे गाडी हललीच नाही तरी व्हील सिलेंडरला आतून गंज चढत राहतो, पिस्टन धरून बसतात, मास्टर सिलेंडरची रबरं फुगतात. चारही ड्रम खोलावे लागतात, त्याला पर्याय नाही. म्हणून आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे की गाडी आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे.

त्याच गाडीने आम्हाला अजून एक गोष्ट शिकवली. मायनरच्या पुढच्या सस्पेन्शनला ट्रनियन म्हणून जॉइंट असतो, तो आट्यांवर फिरतो. वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात आणि एक दिवस जॉइंट निसटून पुढचं चाक आडवं होतं, गाडी जागेवर बसते. वाचवायला लागतं काय, तर ग्रीस गन आणि थोडा वेळ. आपल्याला आता आयुष्यभर ग्रीस न मागणाऱ्या गाड्यांची सवय झालीय त्यामुळे निपल, म्हणजे ग्रीस भरायचं तोंड, कुठे आहे हेच मालकाला माहीत नसतं, म्हणून आम्ही गाडी देताना मालकाला खाली वाकवून प्रत्येक निपल दाखवतो, त्याशिवाय किल्ली देत नाही.

ती गाडी रस्त्यावर आली आणि तोंडी तोंडी कामं येत गेली. एक निवृत्त टर्नर काका आमच्याकडे येऊन बसायला लागले, हळूहळू लेथच त्यांच्या ताब्यात गेलं. बुश, पिन, शाफ्ट, जे बाजारात मिळत नाही ते काका बनवतात. युद्धाच्या आधीच्या ब्रिटिश गाड्यांना व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे, पाने लागतात, मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच, त्यामुळे पान्यांचे सेट वेगळे घ्यावे लागले. सुरुवातीची बरीच कमाई अशी हत्यारात गेली आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारीत "कार्बोरेटर खराब आहे" ही सगळ्यात जास्त. बऱ्याचदा दोष इग्निशनमध्ये निघतो. पॉइंटमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कात, गॅप साधारण 15 थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.38 मिलिमीटर लागतो, पण पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं, गाडी ओढत नाही आणि गरमही होते. पॉइंटवर ठिणग्या पडू न देणारा कंडेन्सर जात आला असेल तर सकाळी गार असताना गाडी छान चालते आणि तापली की मिसफायर करते. अशा वेळी कार्बोरेटर खोलून काही हाती लागत नाही. आधी फिलर गेज (गॅप मोजायची पट्टी), मग टायमिंग लाईट, मग कार्बोरेटर, हा क्रम नवीन पोरांना आम्ही पहिल्या आठवड्यातच पाठ करायला लावतो.

वायरिंग भाऊ बघतो आणि आता एक डिप्लोमा झालेली मुलगी त्याच्या बरोबरीने बघते, तिचा हात फार स्वच्छ आहे. कापडी आवरणाच्या वायरी वाकवल्या की आवरण गळून पडतं, तिथे एकेक वायर जोडत बसण्यापेक्षा पूर्ण हार्नेस बदललेला बरा, नाहीतर आगीची भीती. मायनरसारख्या कित्येक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं, बॅटरी नेहमीच्या सवयीने लावली तर नंतर बसवलेला रेडिओ वगैरे जळतो. आणि जुन्या गाडीत बॅटरी भरणारा डायनॅमो आयडलिंगला चार्ज करत नाही, ट्रॅफिकमध्ये हेडलाईट मंद झाला म्हणून बॅटरी बदलायची घाई करू नका.

पेट्रोलही बदललंय. शिसंवालं पेट्रोल जगात शेवटी अल्जीरियात 2021 मध्ये बंद झालं. जुन्या हेडमधल्या मऊ व्हॉल्व्ह सीटना त्या शिशाचा आधार होता, तो गेल्यावर जोरात चालवलेल्या गाडीचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत जातात, टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हवरचा मोकळा गॅप संपतो. हेड उतरवलंच असेल तर कडक सीट बसवून घ्या असं आम्ही सांगतो, नुसतं त्यासाठी हेड उतरवायला लावत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने जुने रबर होज आणि पंपाचे डायफ्राम खराब होतात, ते मात्र लगेच बदलायचे.

आता खर्च. लोक इंजिनला घाबरतात, पण इंजिनचं बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग याचा अंदाज तरी देता येतो. बजेट खातो तो पत्रा. वरून चकचकीत पेंट, आत लांबी (पुट्टी) भरलेली आणि त्याच्या खाली फ्लोअर सडलेला. खोलल्याशिवाय कोणीही खरा आकडा सांगू शकत नाही, म्हणून आम्ही आधी फक्त खोलायचं आणि बघायचं एस्टिमेट देतो, फोटो दाखवतो, मग पुढचं ठरतं. पैसे टप्प्याटप्प्याने घेतो. हे सुरू केल्यावरच धंदा सावरला, कारण मालकाचे पैसे संपले की अर्धी खोललेली गाडी जागा अडवून बसते आणि दोघांचेही संबंध बिघडतात.

दुसरं म्हणजे दुर्मिळ गाडी स्वस्तात मिळाली तर ती महागात पडते. फोक्सवॅगन बीटल 2 कोटींहून जास्त बनल्या, मायनर तर 10 लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी, त्यामुळे यांचे पार्ट आजही नव्याने बनतात. ज्या मॉडेलचा नुसती टेललाईटची काच शोधायला महिने जातात, तिथे मजुरीचा हिशोब कुणाच्याच हातात राहत नाही. कोरडी बंदिस्त जागा, ठरलेल्या किमतीचा विमा, दरवर्षी ऑइल, कूलंट, ठराविक काळाने ब्रेक ऑइल, हा खर्च गाडी चालवा न चालवा होतोच. आणि न चालवलेल्या गाडीवर वरचा खर्च जास्त होतो हे आम्ही बिलं समोर ठेवून दाखवू शकतो, चालवत राहिलेल्या गाडीची सील ओली राहतात, टाकीत ताजं पेट्रोल येतं, डायनॅमो बॅटरी भरतो.

त्यामुळे पूर्ण रिस्टोरेशन आता एका वेळी एकच घेतो. बाकी वर्षभराची देखभाल, आणि शोसाठी वरवर पॉलिश करून द्या पण ब्रेकला हात लावू नका असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणतो. सध्या आमच्या मते सगळ्यात उपयोगी काम म्हणजे खरेदीआधीची तपासणी. सोबत लोहचुंबक, टॉर्च आणि जॅक. चुंबक पत्र्याला जिथे धरत नाही तिथे लांबी आहे असं समजायचं, पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं की किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनचा, खेळ कळतो. तेव्हा बयाणा द्यायच्या आधी फोन करा, नंतर नाही, आणि मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत इंजिन गरम करून ठेवू नका, गार इंजिन कसं चालू होतं ते आम्हाला बघायचं असतं.