दोन तारखांचे कॅलेंडर

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहराच्या स्टोरी रोड परिसरातल्या व्हिएतनामी दुकानांत वर्षअखेरीस सामानाच्या पिशवीत न मागता एक कॅलेंडर येऊन पडते. रोज एक पान फाडायचे, असा तो जाड गठ्ठा असतो. पानावर मधोमध मोठ्या आकड्यात इंग्रजी तारीख असते आणि खाली बारीक आकड्यात चांद्र तारीख. आमच्या शेजारच्या घरातला मुलगा शाळेची सुट्टी आणि कचऱ्याच्या गाडीचा दिवस मोठ्या आकड्यावरून सांगतो. त्याच्या आजी चष्मा सावरून फक्त खालचा आकडा वाचतात.

1975 साली दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीचा, सायगॉनचा, पाडाव झाल्यावर आणि नंतरही कित्येक वर्षे होड्यांतून निसटलेली कुटुंबे या भागात आली, त्यांतल्या अनेकांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत सुटे भाग जोडण्याची कामे धरली, आणि आज व्हिएतनामबाहेरच्या कुठल्याही शहरात नसतील इतके, म्हणजे एक लाखाहून अधिक, व्हिएतनामी वंशाचे लोक येथे राहतात. पाळीच्या नोकरीत मोठा आकडाच चालतो. तरीही अनेक बौद्ध घरांत पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसमच्छी शिजत नाही, बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला चुलीचा देव घरातल्या सगळ्या भानगडी स्वर्गात सांगायला निघतो, आणि आजोबांची पुण्यतिथीही खालच्या आकड्यावरूनच ठरते.

ही पुण्यतिथी मंगळवारी आली, की शेजारी ती जवळच्या रविवारी करतात. तिथी हलवायला आजींची हरकत नसते. पदार्थ हलवायला असते. नारळपाण्यात मंद आचेवर शिजवलेले डुकराचे मांस आणि त्यातली अख्खी, तपकिरी झालेली अंडी आजोबांना आवडत, म्हणून ती हवीतच. फोटोपुढे भाताचे वाडगे आणि चॉपस्टिक मांडायच्या, उदबत्ती लावायची आणि ती जळून संपेपर्यंत कुणी घास घ्यायचा नाही. छतावरच्या, धूर लागताच वाजणाऱ्या भोंग्याला मात्र पितरांशी काही देणेघेणे नसते, त्यामुळे हातात टॉवेल देऊन नातवाची नेमणूक त्याच्याखाली होते. फोटोपुढे हात जोडताना चुळबुळणारा हा मुलगा टॉवेल मात्र अगदी जीव तोडून हलवतो. परंपरेत शिरायला त्याला मिळालेली ही वाट मला तरी कमी प्रतीची वाटत नाही.

आमच्याही भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते, आणि चतुर्थी भारतातल्या वेळेने धरायची की इथल्या, यावर आम्हा मराठी मंडळींत दर गणपतीला वाद होतोच. त्यामुळे शेजारच्या बारीक आकड्यांत मी थोडे अधिकच लक्ष घालतो. व्हिएतनामचे चांद्र गणित त्या देशाच्या स्वतःच्या वेळेवर, 105 अंश पूर्व रेखांशावर, बेतलेले आहे. म्हणून त्यांचे नववर्ष, म्हणजे तेत, क्वचित चिनी नववर्षापासून वेगळे पडते. 1985 साली तेत 21 जानेवारीला आला आणि चिनी नववर्ष 20 फेब्रुवारीला. कॅलिफोर्नियाचे घड्याळ हिवाळ्यात व्हिएतनामच्या पंधरा तास मागे असते, पण इथल्या भिंतीवरचा चंद्र हनोईचाच. 2022 साली कॅलिफोर्नियाने चांद्र नववर्षाला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत जागा दिली, हे चांगलेच झाले. मात्र घरोघरच्या पुण्यतिथ्यांना कुठले सरकार काय देणार?

गेल्या हिवाळ्यात आजींची धाकटी बहीण इथेच वारली, रात्री आठ वाजता. त्या वेळी व्हिएतनाममध्ये दुसऱ्या दिवसाचे सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे तिथी पुढची. भाच्यांनी तिकडची तिथी धरावी असा आग्रह केला, कारण कॅलेंडर तिकडचे. आजींनी इथलेच पान फाडून फोटोमागे खोचले. बहिणीचा अर्धा जन्म याच गावात गेला, इथल्याच स्वयंपाकघरात ती जेवली, तर तिला जेवायला बोलवायचे ते इथल्याच दिवशी, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि भाच्यांनी ते मान्य केले. पहिली पुण्यतिथी बुधवारी येते आहे. पाहुण्यांना निरोप अर्थातच रविवारचा गेला आहे.