पेव्हमेंटवर या

त्या कॉलला चार महिने होत आले. रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकायला घेतलं आणि तिन्ही वेळा सहाव्या मिनिटाला हेडसेट काढून ठेवला.

मी पुण्यात खराडीला, रोडसाइड असिस्टन्सच्या कॉल सेंटरात काम करते. रस्त्यात गाडी बंद पडली की लोक विम्याच्या कार्डावरचा नंबर फिरवतात, तो फोन आमच्याकडे येतो. सहा वर्षं मी ब्रिटनची प्रोसेस केली, म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकांचे फोन घेतले. यंदा ते काम दुसरीकडे गेलं आणि आमच्या टीमला अमेरिकेवर टाकलं.

बाहेरच्यांना वाटतं, आम्ही फोनवर गाडी दुरुस्त करायला शिकवतो. गाडीचा विषय आमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो. आधी माणूस सुरक्षित आहे का ते विचारायचं, मग तो नेमका कुठे आहे ते शोधायचं. खरं कसब या शोधण्यात आहे, कारण अडकलेल्या माणसाला आपण कुठे आहोत हे सहसा माहीत नसतं. ब्रिटनच्या मोटरवेवर दर शंभर मीटरला एक खुणेचा खांब असतो. त्याच्यावरचा आकडा वाचायला सांगितला की काम झालं. गावात पोस्टकोड विचारला तर तो थेट मोजक्या घरांपर्यंत नेतो. अमेरिकेत हायवे कोणता, पूर्वेकडे चाललात की पश्चिमेकडे, कोणती एक्झिट मागे पडली, माइल मार्कर दिसतो का, असं एकेक करत जवळ सरकावं लागतं. छोट्या रस्त्यांवर यातलं काहीच नसतं. तिथे जवळचा पेट्रोल पंप, चर्च, जे दिसेल ते विचारायचं.

प्रोसेस बदलली तेव्हा तीन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं. त्यातले अडीच आठवडे उच्चारांचे. ‘र’ कसा वळवायचा, ‘वॉटर’मधला ‘ट’ कसा मऊ करायचा. शब्दांसाठी एक छापील पान दिलं: बॉनेट म्हणजे हूड, बूट म्हणजे ट्रंक, विंडस्क्रीन म्हणजे विंडशील्ड, इंडिकेटर म्हणजे टर्न सिग्नल, जम्प लीड्स म्हणजे जंपर केबल्स. आमच्या ट्रेनिंगवाल्यांना आवाज अमेरिकन वाटला की काम फत्ते झालं असं वाटतं. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

ते पान मला लागलंच नाही, हे मी अभिमानाने सांगते. माझ्या बाबांचं हडपसरला गॅरेज होतं. दहा नंबरचा पाना दे म्हटलं की मी न बघता काढून द्यायचे. त्याला ब्रिटिश स्पॅनर म्हणतात आणि अमेरिकन रेंच, हे मला नोकरी लागण्याआधीपासून माहीत होतं. अमेरिका वेगळी झाली १७७६ मध्ये, मोटार आली त्यानंतर शंभर वर्षांनी. त्यामुळे गाडीच्या बऱ्याच भागांना दोन्हीकडे आपापलं नाव पडलं. घोडागाडीत सामान ठेवायच्या जागेला ब्रिटिश बूट म्हणायचे, तेच नाव मोटारीत आलं. अमेरिकेत सुरुवातीच्या गाड्यांच्या मागे खरोखरची ट्रंक पट्ट्याने बांधलेली असायची, म्हणून तिथे ट्रंक. आपण दोन्ही सोडून डिकी घेतली. जुन्या ब्रिटिश गाड्यांना मागे उघडणारी एक जादा सीट असायची, तिचं नाव डिकी. आणि बाबांची स्टेपनी तर थेट वेल्समधल्या लानेली गावची. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमाराला दोन भावांनी जादा चाक बनवायला सुरुवात केली. तोवर गाड्यांना जादा चाक नसायचंच. लंडनच्या गिऱ्हाइकाला स्टेपनी म्हटलं तर आज कळत नाही, हडपसरला लहान पोराला कळतं.

तर शब्द मला येत होते. अडचण वेगळीच होती, आणि ती त्या पानावर नव्हती. हूड ऐकलं की आपण सावध होतो. हा परका शब्द आहे, हे कानाला कळतं. घोळ होतो तो दोन्हीकडे असलेल्या पण अर्थ बदललेल्या शब्दाने. पहिल्याच आठवड्यात एक जण म्हणाला, माझ्या गाडीला बूट लावलाय. मी डिकीचं कुलूप समजले. त्याच्या चाकाला पोलिसांनी जॅमर लावला होता, ब्रिटनमध्ये त्याला क्लॅम्प म्हणतात. दुसऱ्या एकीने सांगितलं, गाडी गॅरेजमध्ये पहिल्या मजल्यावर आहे. गॅरेज म्हणजे माझ्यासाठी बाबांचं गॅरेज, दुरुस्तीची जागा. तिचं गॅरेज म्हणजे पार्किंगची इमारत. तिथे छताची उंची विचारावीच लागते, नाहीतर टो ट्रक आत जात नाही. आणि तिचा पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. या चुका पुढच्याच वाक्याला सुधारल्या. गिऱ्हाईक हसलं, मीही पुढे गेले.

तो फोन आला तेव्हा आमच्याकडे सकाळचे सहा चाळीस झाले होते, ओहायोत आदल्या रात्रीचे नऊ दहा. एक बाई, बरोबर चार-पाच वर्षांचा मुलगा. काउंटी रोडवर उजवं पुढचं चाक फुटलं होतं. गाडी कडेला घेतली होती, तरी अर्धी रस्त्यावर. हॅझर्ड लाइट चालू, दिव्याचे खांब नाहीत, पाऊस नुकताच थांबलेला. दोघं गाडीतून उतरून गवतात उभी होती. इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. मग ती म्हणाली, बाजूला चर आहे, चिखल झालाय, मुलगा सारखा घसरतोय.

माझ्या डोळ्यांसमोर सहा वर्षांचा रस्ता उभा राहिला. काठाला उंच कर्ब, पलीकडे दोन माणसं चालतील इतकी फरसबंद वाट, मग कुणाच्या तरी घराचं कुंपण. मी म्हणाले, मॅम, गवतात उभ्या राहू नका. मुलाला घेऊन पेव्हमेंटवर जा आणि तिथेच थांबा.

“पेव्हमेंटवर? नक्की?”

“येस मॅम. तिथे जास्त सुरक्षित आहे.”

ती “ओके” म्हणाली. तिच्या बुटांचा आवाज बदलला, ओल्या गवतावरून टणक जागेवर आला. तो ऐकून मला बरं वाटलं, हे मला नीट आठवतं. मी टो ट्रकवाल्याची माहिती भरायला घेतली. मग हॉर्न. लांबून जवळ येत वाढत गेलेला, ट्रकचा. मुलगा किंचाळला, फोन कशावर तरी आपटला, आणि पुढे फक्त वाऱ्याचा आवाज. अकरा सेकंद. ती मी नंतर मोजली. तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

“आम्ही गवतात आहोत,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, अजिबात न रागावता: “तुम्ही मला रस्त्यावर उभं राहायला का सांगितलंत?”

मला तरीही उलगडा झाला नाही. आमच्या सवयीप्रमाणे मी सॉरी म्हटलं आणि ट्रक येईपर्यंत चाळीस मिनिटं लाइनवर थांबले. शिफ्ट संपली, कॅब निघून गेली. मुलाला तिने चराच्या पलीकडे नेऊन कडेवर घेतलं होतं. शेवटी तिने माझे आभार मानले. ते ऐकणं मला सगळ्यात जड गेलं.

घरी येऊन शब्दकोश काढला. अमेरिकेत पेव्हमेंट म्हणजे रस्त्याचा डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग. गाड्या चालतात तो. फिलाडेल्फियाच्या आसपास मात्र त्याचा अर्थ ब्रिटिशांसारखाच आहे. हाच फोन तिथून आला असता तर काही झालं नसतं, आणि मी आजही तोच शब्द वापरत असते.

मूळ मराठी डोक्यात मी फुटपाथ म्हणते. ब्रिटनच्या प्रोसेसला लागले तेव्हा पहिल्या महिन्यात ट्रेनरने मला हटकलं होतं: फुटपाथ म्हणजे त्यांच्याकडे शेतातून जाणारी पायवाट, तुम्ही पेव्हमेंट म्हणा. मी तो शब्द घोकून घोकून जिभेवर बसवला. त्या रात्री हवा होता साइडवॉक. साइडवॉक आहे का, एवढं विचारलं असतं तर ती “नाही” म्हणाली असती, कारण त्या रस्त्याला तो नव्हताच. पण मी विचारलं नाही, सांगितलं. तिने “नक्की?” विचारलं, तेव्हाही मी थांबले नाही. तिला शंका आली होती. माझ्या ठाम आवाजाने ती दाबली गेली, आणि तो ठाम आवाज आम्हाला शिकवलेला आहे.

क्वालिटी टीमने त्या कॉलला शंभरपैकी ९४ गुण दिले. दोन गुण गिऱ्हाइकाचं नाव पुन्हा घेतलं नाही म्हणून गेले. चार गेले डेड एअरसाठी, म्हणजे एजंट बोलत नाही अशा शांततेसाठी. ती शांतता म्हणजे तीच अकरा सेकंदं. मी जाऊन सगळा प्रकार सांगितला, लेखी दिला. ऐकणारी मुलगी चांगली आहे, तिला वाईट वाटलं. पण तिच्या फॉर्मवर समोरच्याला काय समजलं यासाठी रकानाच नाही, त्यामुळे ९४ चे ९४ राहिले. त्या छापील पानावर पेव्हमेंट घाला म्हणून तीन मेल केले. माझ्या टीम लीडरने स्वतःच्या सहीने चौथा केला, तेव्हा कुठे ओळ वाढली.

मी मात्र आता रस्त्याच्या कडेचं नावच घेत नाही, ना ब्रिटिश ना अमेरिकन. विचारते: तुमच्या पायाखाली आत्ता काय आहे? गवत, माती, की गाड्या चालतात तो डांबरी रस्ता? उत्तर आलं की पुढचं बोलते. यात प्रत्येक कॉलला दहा-बारा सेकंद जास्त जातात, आणि दर महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये त्याबद्दल मला विचारणा होते. गेल्या आठवड्यात पुन्हा झाली.