‘मिस्ट्री थिएटर’च्या टेपा उतरवून घेताना

अमेरिकेत सीबीएस या प्रसारण कंपनीच्या रेडिओवरची शेवटची दोन मालिका-नाटकं, ‘सस्पेन्स’ आणि ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’, ३० सप्टेंबर १९६२ला एकाच संध्याकाळी बंद पडली. निर्माते हायमन ब्राउन यांनी ६ जानेवारी १९७४पासून ‘सीबीएस रेडिओ मिस्ट्री थिएटर’ ही रहस्यनाटकांची मालिका सुरू केली आणि ३१ डिसेंबर १९८२पर्यंत तब्बल १३९९ नवे भाग केले. संग्राहकाच्या दृष्टीने मोठा फरक असा, की १९७४पर्यंत टेपरेकॉर्डर घरोघरी पोचला होता. त्यामुळे या नाटकांच्या हाती लागणाऱ्या प्रती बहुतेक ऐकणाऱ्यांनीच रेडिओवरून टेप केलेल्या असतात, आणि दर्जाही ज्याच्या-त्याच्या रेडिओइतकाच असतो.

न्यू जर्सीहून आलेली २२ स्पूल आणि खोकाभर कॅसेट आम्ही दोघांनी पुण्यात डिजिटल केल्या. त्यात जे कळलं ते इथे लिहितो आहोत. आकाशवाणीच्या श्रुतिका ज्यांच्याकडे स्पूलवर पडून आहेत, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

स्पूल ७ इंची, १८०० फुटी. ३¾ इंच प्रतिसेकंद या वेगाने एक ट्रॅक (टेपच्या रुंदीतला एक पट्टा) ९६ मिनिटं चालतो. कार्यक्रम तासाभराच्या वेळेत बसवलेला असला, तरी जाहिराती आणि बातम्या काढल्या की नाटक साधारण ४५ मिनिटांचं उरतं. म्हणजे एका ट्रॅकवर दोन नाटकं, आणि जुने संग्राहक चारही ट्रॅक मोनोमध्ये भरत, म्हणून स्पूलवर आठ. अशी टेप स्टिरिओ क्वार्टर-ट्रॅक डेकवर (चार ट्रॅकांपैकी दोन एका वेळी वाजवणाऱ्या यंत्रावर) लावली की डाव्या कानात एक नाटक आणि उजव्या कानात दुसरंच ऐकू येतं. घाबरू नये. स्टिरिओ फाइल म्हणूनच उतरवावी, मग दोन मोनो फाइली वेगळ्या कराव्यात आणि स्पूल उलटून उरलेले दोन ट्रॅक घ्यावेत. हाफ-ट्रॅक हेडच्या डेकवर (ज्याचं टेप वाचणारं हेड निम्मी रुंदी एकदम वाचतं) मात्र हीच टेप लावली तर एका आवाजाखाली दुसरा उलटा बोलत राहतो. हे टेपचं दुखणं नव्हे, डेक चुकीचा आहे.

लावण्याआधी प्रत्येक स्पूल उजेडासमोर आडवं धरून पाहिलं. टेपच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर टेपचं प्लॅस्टिक ॲसिटेट, नाही तर पॉलिस्टर. ॲसिटेटला व्हिनेगरचा वास येत असेल तर ते स्पूल बाकीच्यांपासून दूर ठेवायचं आणि पहिल्यांदा उतरवायचं. पॉलिस्टर टेपची मागची बाजू काळी, मॅट असेल तर चिकटण्याचा धोका: हेडवर तपकिरी चिकटा जमतो, टेप किंचाळते आणि शेवटी थांबते. तिथे जोर करू नये. अशी टेप फळं सुकवण्याच्या यंत्रात ५४ अंश सेल्सियसला आठ तास ठेवली, मधे एकदा उलटली आणि पूर्ण थंड होऊ दिली. त्यानंतर थोडे आठवडे ती नीट चालते, तेवढ्यात काम उरकायचं. ॲसिटेट मात्र चुकूनही भाजायची नाही. प्रत्येक स्पूलनंतर हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. तिसऱ्या-चौथ्या स्पूलला कंटाळा येतो आणि नेमका तेव्हाच आवाज बसायला लागतो.

आता वेग. आमचा डेक अमेरिकन, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं असं दुकानदारही सांगतो, पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. हर्ट्झ आपल्याकडचे ५०च राहतात. डेकची मोटर सिंक्रोनस असेल तर ती विजेच्या हर्ट्झप्रमाणेच फिरते, म्हणून टेप पाच-षष्ठांश वेगाने चालते. माणसं साधारण तीन अर्धस्वरांनी (सेमिटोन) खाली, जड आवाजात बोलतात आणि ९६ मिनिटांचा ट्रॅक ११५ मिनिटं घेतो. काही डेकमध्ये ५०-६०चा स्विच किंवा बदलायची पुली असते; आमच्यात नव्हती. मग तसंच उतरवून सॉफ्टवेअरमध्ये वेग १.२ पट केला. सूर जागेवर ठेवून फक्त कालावधी कमी करणारा पर्याय इथे वापरायचा नाही, सूर आणि वेग दोन्ही एकत्र चढायला हवेत. इक्वलायझेशन (डेक करतो ती खर्ज-तीव्र आवाजाची भरपाई) यात थोडं चुकतं, संवादाला ते जाणवत नाही. मोटर जास्त तापते, त्यामुळे दोन बाजू झाल्या की अर्धा तास बंद.

१.२ हा आकडा कागदावरचा. मूळ रेकॉर्डिंगच थोडं धावतं किंवा रेंगाळतं असेल, तर ते पाहायचं कसं? प्रचलित युक्ती अशी, की अमेरिकेत केलेल्या टेपमध्ये विजेची ६० हर्ट्झची गुणगुण शिरलेली असते. स्पेक्ट्रममध्ये (कोणत्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणाऱ्या आलेखात) ती रेघ नेमकी ६०वर आली की वेग बरोबर. आमच्या फाइलींमध्ये ती प्रत्येक वेळी ६०वर आली आणि आम्ही खूश होतो. चूक होती. इथल्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झ, आणि ५० गुणिले १.२ म्हणजे ६०च! आम्ही मोजत होतो ती रेघ न्यू जर्सीची नव्हती, आमच्याच भिंतीतल्या प्लगची होती. डेक पॉजवर ठेवून एक मिनिट रेकॉर्ड केलं आणि रेघ तशीच दिसली, तेव्हा खात्री पटली.

उत्तर वरच्या टोकाला मिळालं. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं १० किलोहर्ट्झ अंतरावर असतात (आपल्याकडे ९), आणि रात्री शेजारचं स्टेशन शिरलं की दोघांच्या वाहक लहरींची मिळून बरोबर १० किलोहर्ट्झची बारीक शिट्टी टेपवर उतरते. संथ फाइलमध्ये ती ८३३३ हर्ट्झच्या आसपास दिसली पाहिजे, वेग वाढवल्यावर १०,०००वर. ९,९०० दिसली तर आणखी एक टक्का वाढवायचं. इथली वीज त्या जागेच्या आसपासही फिरकत नाही. वेग लागला, की त्याच जागी अरुंद फिल्टर लावून शिट्टी काढून टाकायची. ज्या टेपा एफएमवरून घेतल्या आहेत त्यांत शिट्टी नसते. तिथे करकरणाऱ्या दाराची सुरुवात उपयोगी पडते. ती खूण ब्राउन यांनी आपल्याच १९४१च्या ‘इनर सँक्टम’मधून पुन्हा आणली होती. वेग लागलेल्या फाइलमधलं दार आणि नव्या फाइलमधलं दार शेजारीशेजारी ठेवून लांबी जुळवली की झालं.

हेडचा कोनही दर टेपला पाहावा लागतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू पाव फेऱ्याच्या आत फिरवत ‘स’ आणि ‘श’ सर्वांत लख्ख येतील तिथे थांबायचं. सॉफ्टवेअरने ट्रेबल वाढवून हे भरून येत नाही, फक्त खरखर वाढते. रात्रीच्या मीडियम वेव्हवर आवाज लाटेसारखा येतो-जातो, त्याला तर इलाजच नाही. तसाच ठेवला.

कॅसेटचं दुखणं वेगळं. फेल्टची गादी गळून पडलेली असते, मग टेप हेडला टेकत नाही आणि आवाज मधूनच घोंगडीखाली जातो. पाच स्क्रूचं नवं कवच घेऊन टेप त्यात हलवली, वीस मिनिटांचं काम. सी-९०च्या बाजूला ४५ मिनिटं मावतात, म्हणून शेवटची श्रेयनामावली बऱ्याचदा कापली गेलेली असते. सी-१२० पातळ असते, ताणली जाते. ती जलद पुढे-मागे करू नये.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ: ११५ मिनिटांची फाइल सुमारे २ जीबी. ही कच्ची प्रत जपून ठेवायची आणि वेग, फिल्टर सगळं दुसऱ्या प्रतीवर करायचं.

उरली यादी. खोक्यावरच्या तारखेवर आम्ही विसंबत नाही, कारण भाग पुन्हापुन्हा लागत. तारीख पुनःप्रसारणाची असू शकते. जाहिराती आणि बातम्या शिल्लक असतील तर त्या कापायच्या नाहीत, तारीख तिथेच सापडते. ‘मिस्ट्री थिएटर’चे नेहमीचे सूत्रधार ई. जी. मार्शल यांच्याऐवजी टॅमी ग्राइम्स असतील तर टेप १९८२ची. ‘सीअर्स रेडिओ थिएटर’ या दुसऱ्या नाट्यमालिकेच्या (१९७९) टेपा मधे मिसळलेल्या असतात, तिथे सूत्रधारावरून वार कळतो: लॉर्न ग्रीन सोमवारचे वेस्टर्न, व्हिन्सेंट प्राइस बुधवारचं रहस्य. फाइलीच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग भाग क्रमांक, मग शीर्षक. पहिला भाग, ज्यात ॲग्नेस मूरहेड आहेत, १९७४-०१-०६-०००१ असा बसला. तारीख अंदाजाची असेल तर तिच्यापुढे प्रश्नचिन्ह नाही, ‘अं’ लिहितो. काही संगणक प्रश्नचिन्हाचं फाइलनाव घेत नाहीत.

१५ फेब्रुवारी १९७२नंतरच्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत केंद्रीय कॉपीराइट आहे, तेव्हा यातलं काही विकायचं नाही. आणि सूत्रधार म्हणून खुद्द हायमन ब्राउन यांचा आवाज आला, तर ती १९७०च्या दशकातली प्रत नव्हे, १९९८मधल्या पुनःप्रसारणाची. तिचा फोल्डर वेगळा.